बत्तीस व्होल्ट कुठे गेले?

मित्रांनो, दोन तारांमध्ये किती व्होल्ट आहेत हे सांगणं, एवढं एकच काम मला येतं. मी एक जुना व्होल्टमीटर आहे. काळं बेकलाइटचं अंग, पुढे काच, काचेआड पांढरी डायल आणि तिच्यावर केसासारखा बारीक काटा. नव्या मीटरांसारखे माझ्यावर आकडे उजळत नाहीत. माझ्याशी बोलायचं तर खाली वाकून काट्याच्या नेमकं समोर डोळा आणावा लागतो. सध्या माझा मुक्काम दौंड तालुक्यातल्या खुटबावला, हौसराव आबांच्या घरी आहे. तिथवर मी कसा आलो आणि एका थंडीत तिथे काय घडलं, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे रंगुबाई नावाच्या एक बाई तारेची वेटोळी गुंडाळायच्या. माझी वेटोळी गुंडाळून झाल्यावर त्यांनी मला जोडून पाहिलं, काटा हलला तशी मान हलवली आणि मला खोक्यात ठेवलं. मग टेम्पोतून शिरूर तालुक्यात मांडवगण फराट्याला, तिथल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी पोहोचलो.

तिथे मला हौशीराम सर भेटले. सरांनी एका लाकडी फळीवर बल्ब बसवले होते. काही एकामागे एक, काही शेजारीशेजारी. विजेच्या वाटेतल्या अडथळ्याला पुस्तकात रोध म्हणतात, आणि बल्ब म्हणजे आपला उजेड देणारा रोध, असं ते सांगायचे. मुलांना तारांना हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः बटण बंद करायचे, मला जोडायचे, बटण चालू करायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता वाचा."

किरचॉफचे दोन नियम त्यांनी किती वर्षं शिकवले असतील, कोण जाणे. मला ते त्यांच्याच शब्दांत पाठ आहेत.

"पाटाला दोन फाटे फुटले, तर पाणी दोन्हींकडं वाटलं जातं," सर म्हणायचे. "पण दोन्हींचं मिळून पाटात हुतं तेवढंच भरतं. करंटचं तसंच. जेवढा करंट सांध्यात आला, तेवढाच सांध्यातनं बाहेर जाणार. हा झाला पहिला नियम. आन् दुसरा असा, की घरनं निघालात, टेकडी चढलात, उतरलात आन् परत घरी आलात, तर जेवढं चढलात तेवढंच उतरलात का न्हाई? व्होल्टचं तसंच. मिळाले तेवढे सगळे वाटेत खर्च हुणार. बेरीज जुळलीच पाहिजे."

तेजश्री तेव्हा बारावीत होती. अंगाने किरकोळ, बोलायला हळू, पण एकदा शंका आली की ती सुटल्याशिवाय जागची न हलणारी. त्या दिवशी फळीवर तीन बल्ब एकामागे एक जोडले होते. मुलांनी प्रत्येक बल्बवरचे व्होल्ट माझ्यावर वाचले, बेरीज बारा व्होल्टने कमी आली. बाकीच्यांनी कुठे चार वाढवले, कुठे पाच, आणि उत्तर जुळवून मोकळे झाले. तेजश्री मात्र तशीच उभी.

"सर, मीटर चुकतोय का?" तिने विचारलं. मला जरा लागलंच ते.

"चुकत असंल तर काढून टाकू," सर म्हणाले. "पण आधी सांग, फेरी पुरी केलीस का? वाटेत बल्ब सोडून अजून काय काय हाय?"

तिने बोटाने वाट काढली. प्लग, तार, बल्ब, बल्ब, बल्ब, तार, बटण. बटणापाशी बोट थांबलं. सरांनी मला बटणाच्या दोन टोकांना जोडलं आणि माझा काटा बारावर जाऊन उभा राहिला. बटण उघडलं तर आतलं पितळ काळं पडलेलं. तेजश्री माझ्याकडे पाहून हसली. मित्रांनो, प्रयोगशाळेत मला पुष्कळ मुलांनी हाताळलं, पण माझ्यावर नाहक घेतलेला आळ मनातून काढून टाकणारी ती पहिलीच.

पुढे नवी डिजिटल मीटरं आली. आम्ही जुने सगळे एका घमेल्यात पडलो आणि घमेलं जिन्याखाली गेलं. तिथे धुळीत किती काळ गेला, मला सांगता येणार नाही. एक दिवस जिन्याखाली उजेड आला आणि सरांचा आवाज ऐकू आला. तेजश्री दाखला न्यायला आली होती. तिचं लग्न ठरलं होतं.

"सर, हा मी नेला तर चालंल का?" तिने मला उचलून विचारलं.

"भंगारातच चाललाय, ने," सर म्हणाले. "पण नुसता शोभेला ठेवू नकोस."

अशा रीतीने मी तिच्या संसाराच्या सामानातून खुटबावला आलो.

खरं सांगायचं तर सुरुवातीला तिथे मला काहीच काम नव्हतं. तेजश्रीचा नवरा ज्ञानेश पहाटेच भाजीचा टेम्पो घेऊन बाजाराला जायचा. सासरे हौसराव आबा मळ्यात. सासू मुक्ताबाईंनी मला एकदा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि मांजरीने झाकण पाडू नये म्हणून दुधाच्या पातेल्यावर ठेवून दिलं. त्यात वाईट हेतू नव्हता. मी ज्या कामाचा त्यांना वाटलो, ते त्यांनी मला दिलं. पण रोज साईचा वास घेत बसायचं आणि आपण कोण होतो ते आठवायचं, हे काही सुखाचं नसतं.

आबांच्या थोरल्या भावजय सिंधूबाई बांधापलीकडे राहायच्या. त्यांचे मालक वारले होते. मुलगा ज्योतिबा रांजणगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. वाटण्या झाल्या तरी दोन्ही जावांचं सख्य तुटलं नव्हतं. गावरान कोंबड्या पाळायचं दोघींनी मिळूनच ठरवलं होतं. आधी एक शेड झालं, मग त्याच्या शेजारी दुसरं. आबांच्या घराजवळच्या मीटरपासून एकच लाइन निघायची. शेताच्या कडेने खांबाखांबावरून, मध्ये तुसाच्या खोलीच्या पत्र्याखालून, आणि पुढे दोन शेडच्या मधल्या खांबावर तिचे दोन फाटे व्हायचे. एक सिंधूबाईंकडे, एक मुक्ताबाईंकडे. तूस म्हणजे भाताचं टरफल. पिल्लांच्या पायांखाली ते पसरतात. त्याची पोती त्या खोलीत छतापर्यंत रचलेली असायची.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली आणि नेमकी तेव्हाच दोन्ही शेडमध्ये एकेका दिवसाची पिल्लं आली. एवढ्याशा जिवाला आईची ऊब नसते, ती बल्बांनी द्यावी लागते. प्रत्येक शेडमध्ये शंभराचे दहा पिवळे बल्ब टांगलेले होते. पिल्लं उबेत असली की सगळीकडे पसरून दाणे टिपतात. थंडी लागली की एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करतात आणि ढिगाखालची गुदमरून मरतात.

पिल्लं ढीग करू लागली.

त्याचं कारण म्हणजे बल्ब मंद पडत होते, आणि तेही विचित्र रीतीने. एकट्या मुक्ताबाईंचे बल्ब चालू असले की ठीक चालायचं. सिंधूबाईंनी आपले लावले की मुक्ताबाईंकडे उजेड बसायचा. तिकडे सिंधूबाईंनाही हाच अनुभव, उलट्या बाजूने. चार-आठ दिवस दोघी गप्प राहिल्या. मग एका सकाळी मधल्या खांबापाशी गाठ पडली. तेजश्री मुक्ताबाईंच्या मागे बादली घेऊन उभी होती. तिने संध्याकाळी ज्ञानेशला सगळं सांगितलं, ते मी चुलीशेजारून ऐकलं.

"मुक्ते, तुझं बल्ब लागलं की माझ्याकडं उजेडच ऱ्हात न्हाई," सिंधूबाई म्हणाल्या होत्या. "बल्ब सोडून आत आणखी काय लावलंयस?"

"मी काय लावणार, आक्का? मीच तुम्हाला इचारणार हुते. ज्योतिबा लाइनीचं काम जाणतो. मागच्या सुट्टीला तो खांबावर चढला हुता, ते कशाला?"

"माझ्या पोराचं नाव घेऊ नगंस."

"मग तुम्ही माझ्या शेडचं नाव घेऊ नका."

त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. पिल्लं मरतच राहिली. मुक्ताबाई मेलेली पिल्लं पाटीत घालून बांधाकडे नेताना पदराने पाटी झाकून घ्यायच्या.

शेवटी आबांनी एका दुपारी जेवता जेवता सांगून टाकलं, "उद्या सकाळी खांबावरनं वैनीचा फाटा तोडतो. त्यांनी त्यांची येगळी लाइन वढावी."

"आबा, नवीन लाइन मिळेपर्यंत थोरल्या आत्यांची पिल्लं राहतील का?" तेजश्रीने विचारलं.

"आपली तरी कुठं ऱ्हात्यात?"

तेजश्रीने आबांच्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "उद्या ज्योतिबा भावजींना सुट्टी हाय. सकाळचा येळ मला द्या. लाइन मोजू. सगळ्यांच्या समोर."

"आन् काय निघालं तर?"

"निघालं तर दिसंल, आबा. मग तोडा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

तेजश्रीने मला पातेल्यावरून उचललं, ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या फडक्याने पुसलं. काच लखलखीत झाली तरी ती पुन्हा पुन्हा घासत राहिली. मित्रांनो, तिला कशाची भीती वाटत होती ते मला त्या हातांतून कळत होतं. दोन-तीनदा तिन्हीसांजेला तिने सासूला शेडकडे जाताना पाहिलं होतं. पदराखाली काहीतरी झाकलेलं, जड. तेजश्रीने विचारलं तेव्हा मुक्ताबाई "काय न्हाई" म्हणाल्या होत्या. ती विजेची शेगडी असेल तर? चारचौघांत मोजायचं आपणच म्हणालो आणि आपल्याच सासूची चोरी उघडी पडली तर?

दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आधीच ज्योतिबा आला. उंच, सावळा, कंपनीचं जाकीट घातलेला. तो आबांच्या पाया पडला, पण चेहरा आवळलेला होता.

"वैनी, मागच्या सुट्टीला मी फेजची तार घरापासनं खांबापर्यंत तपासलीय," तो तेजश्रीला म्हणाला. "फेज म्हंजी जिच्यातनं करंट येतो ती. सगळे जोड उघडून बघितले, नवे केले. त्यात काय न्हाई. म्हणून मला बी वाटतंय, कुणीतरी जास्त वढतंय."

त्याच्याकडे तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर होता. तार न कापता तो आतला करंट सांगतो. त्याला व्होल्टही सांगता आले असते, पण त्याच्या दोन वायरी कुठेतरी हरवल्या होत्या. म्हणून करंट त्याने सांगायचा आणि व्होल्ट मी, अशी आमची जोडी जमली.

"आधी करंट बघू," तेजश्री म्हणाली. "भावजी, दोन्ही शेडचे बल्ब चालू करायचे. आन् आत्या, तुम्ही थोरल्या आत्यांच्या शेडात जाऊन उभ्या ऱ्हावा. थोरल्या आत्या, तुम्ही आमच्या. आत बल्बांशिवाय काय चालू दिसलं तर वरडून सांगा."

दोघींनी एकमेकींकडे न बघता दारं ओलांडली.

आतून पिल्लांचा चिवचिवाट तेवढा येत होता. तेजश्रीने मला छातीशी घट्ट धरलं होतं. मग मुक्ताबाईंच्या शेडमधून सिंधूबाईंचा आवाज आला. ओरडल्या नाहीत, हळूच म्हणाल्या, "मुक्ते, हे घमेलं कशाचं गं?"

तेजश्रीने डोळे मिटले.

"निखारं हायेत," मुक्ताबाई पलीकडच्या शेडमधून म्हणाल्या. "सांजच्याला आणून ठेवती. ह्यांना कळलं तर तुसापाशी इस्तू ठेवला म्हणून रागावतील, म्हणून झाकून आणती."

मग त्याच पुन्हा म्हणाल्या, आणि आता आवाज ओला झाला होता. "आक्का, तुमच्याकडं बी घमेलंच हाय की. निखाऱ्याचं."

"मग काय करू?" सिंधूबाई म्हणाल्या. "पिल्लं गारठून मरत्यात, बघवत न्हाई."

दोघी बाहेर आल्या. मुक्ताबाईंनी सांगितलं की सिंधूबाईंची पिल्लंही एका कोपऱ्यात ढीग करून बसली आहेत, अगदी आपल्यासारखीच. आबांनी घमेल्यांचा विषय न काढता ज्योतिबाला पुढचं मोजायची खूण केली.

ज्योतिबाने मीटरचा चिमटा सिंधूबाईंच्या फाट्याला लावला. चार अँपिअर. मुक्ताबाईंच्या फाट्याला लावला. चार. मग तो घरापाशी, लाइन जिथून निघते तिथे गेला आणि तिथून ओरडून सांगितलं, "आठ."

"चार आन् चार आठ," तेजश्री म्हणाली, आणि तिच्या आवाजातला ताण सैल झालेला मला जाणवला. "घरापासनं निघालेला सगळा करंट इथं पोचतोय, आन् इथला सगळा दोन शेडांत सारखा वाटला जातोय. दहा-दहा बल्बांना लागतो तेवढाच. मधी कुणी आकडा टाकला असता, तर घरापाशी आठच्या वर दिसलं असतं. कुणी शेगडी लावली असती, तर त्या फाट्यात जास्त दिसलं असतं. आबा, कुणीच काय चोरलेलं न्हाई."

सिंधूबाई खांबाला टेकून खाली बसल्या. मुक्ताबाई पदराच्या टोकाने उगीच चेहरा पुसत राहिल्या.

"मग उजेड जातोय कुठं?" आबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

आता माझी पाळी आली. जोडताना मेन बटण बंद, जोडून झालं की चालू, आणि वाचताना सगळ्यांनी लांब उभं राहायचं, असं ज्योतिबाने आधीच बजावलं. घरापाशी जोडलं, तेव्हा मी दोनशे तीस सांगितले. खांबापाशी जोडलं, तेव्हा एकशे नव्वद. म्हणजे घर ते शेड या वाटेत चाळीस व्होल्ट नाहीसे होत होते.

ज्योतिबाने कंपनीतून आणलेली लांब वायर घराच्या फेजला जोडली आणि दुसरं टोक ओढत खांबापर्यंत आणलं. ते टोक माझ्या एका टर्मिनलला, आणि खांबावरची फेज दुसऱ्याला. त्या सगळ्या तारेत किती व्होल्ट खर्च होतात ते मला सांगायचं होतं. काटा जेमतेम आठपर्यंत गेला.

"बघा, फेजमधी दोष न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "एवढ्या लांबीला आठ जाणारच."

"आठ आन् बल्बांवरचे एकशे नव्वद," तेजश्रीने बेरीज केली. "एकशे अठ्ठ्याण्णव. बत्तीस कमी."

"तुमचं मीटर जुनं झालंय, वैनी. बत्तीसचा फरक दाखवत असंल."

तेजश्री माझ्याकडे बघत होती आणि मी तसाच स्थिर होतो. तिने एक बोट हवेत धरलं आणि घराकडून खांबाकडे, खांबाकडून शेडकडे फिरवलं. शेडपाशी बोट क्षणभर थांबलं आणि मग दुसऱ्या तारेवरून घराकडे वळलं.

"भावजी, आपण जायची तार मोजली," ती म्हणाली. "यायची मोजलीच न्हाई. फेरी अर्धीच झाली."

ज्योतिबाने वर पाहिलं. दोन तारा शेजारीशेजारी जात होत्या, एक फेज, दुसरी न्यूट्रल. फेजला हात लागला तर झटका बसतो, म्हणून सगळे तिच्याकडेच बघतात. करंट ज्या न्यूट्रलने परततो, तिच्याकडे कोणी बघत नाही. त्याने कपाळाला हात लावला, तडक घराकडे गेला आणि लांब वायर न्यूट्रलला जोडली.

मेन चालू झाला. माझा काटा उचलला गेला, वर सरकला आणि थांबला.

तेजश्री वाकली. "बत्तीस."

आठ, एकशे नव्वद आणि बत्तीस. दोनशे तीस. बेरीज तंतोतंत जुळली होती. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्यासमोर कोणी तसं हसलं. ज्योतिबाही हसला. बाकीच्यांना व्होल्ट कळले नसतील, पण या दोघांचे चेहरे बघून सगळ्यांना हायसं वाटलं.

आता फक्त ठिकाण शोधायचं होतं. न्यूट्रलच्या बाजूने एकेका खांबावर मला जोडत आम्ही निघालो. तुसाच्या खोलीच्या अलीकडे मी चार सांगितले. पलीकडच्या खांबावर अठ्ठावीस. मधले चोवीस व्होल्ट त्या एका खोलीत खर्च होत होते.

ज्योतिबाने मेन बंद करायला लावला आणि शिडी घेऊन आत गेला. पत्र्याखाली, पोत्यांच्या वर, न्यूट्रलच्या दोन तारा कुणीतरी कधीकाळी नुसता पीळ देऊन जोडल्या होत्या. त्यावरची चिकटपट्टी वितळून लोंबत होती. तार पांढुरकी, ठिसूळ झाली होती. ज्योतिबाने हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला. मेन बंद करूनही जोड तापलेलाच होता. त्याच्या बरोबर खाली तुसाचं पोतं होतं, आणि त्या पोत्याला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. वितळलेली पट्टी थेंबाथेंबाने तिथेच ठिपकत होती.

"आठ अँपिअर आन् चोवीस व्होल्ट," ज्योतिबा शिडीवरूनच म्हणाला. "म्हंजी जवळजवळ दोनशे वॅट. शंभराच्या दोन बल्बांएवढी ऊब हितं वाया जात हुती."

"जिथं एकही पिल्लू न्हाई तिथं," मुक्ताबाई म्हणाल्या.

आबा मात्र त्या डागाकडेच बघत होते. त्यांनी पोत्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. खोलीच्या एका बाजूला दोन्ही शेड, आणि दुसऱ्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडाला, घर. "दोन-चार दिवसांत पेट घेतला असता," ते पुटपुटले. "आन् मी तार तोडायला निघालो हुतो. तोडली असती, तर आपलं बल्ब थोडं नीट चालू झालं असतं, आन् मला वाटलं असतं, माझंच खरं."

खरंच तसं झालं असतं. एकाच शेडचा करंट राहिला असता, जोड कमी तापला असता, बल्ब जरा उजळले असते, आणि दोष कायमचा सिंधूबाईंच्या नावावर लागला असता. हा विचार मनात आला की मला अजूनही गारठल्यासारखं होतं.

ज्योतिबाने कुजलेला भाग कापून टाकला, तार खरवडून चकचकीत केली, स्क्रूच्या घट्ट जोडाने बांधली आणि तो जोड पोत्यांपासून दूर, भिंतीवरच्या बंद डबीत नेला. आबांनी स्वतः एकेक पोतं उचलून तारेखालून बाजूला काढलं. मेन चालू झाला. मी मधल्या खांबापाशी होतो. दोन्ही शेडचे बल्ब लागलेले, आणि माझा काटा दोनशे चौदावर. उरलेले सोळा लांब तारेचे रास्त होते. आता मधली चोरवाट उरली नव्हती.

उन्हं वर येईपर्यंत सगळे तिथेच घोटाळत राहिले. मग सिंधूबाईंनी मुक्ताबाईंच्या शेडचं दार किलकिलं केलं आणि आत बघितलं. ढीग सैल होत होता. वरची पिल्लं खाली उतरली, कडेची बाजूला सरकली, आणि थोड्या वेळात तुसावर सगळीकडे पिवळे ठिपके विखुरले. एक पिल्लू पाण्याच्या भांड्याशी जाऊन चोच बुडवू लागलं.

"मुक्ते, ये, बघ," सिंधूबाई म्हणाल्या.

मुक्ताबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघी एकाच फटीतून बघत होत्या. "तुमच्या ज्योतिबाचं नाव घ्यायला नको हुतं मी," मुक्ताबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे. मी बी कमी बोलले का? च्या टाकती, तुझ्या सुनेला घेऊन ये. उपाशीच मोजत बसलीय पोरगी सकाळपासनं."

तेजश्री तिथेच बांधावर बसली होती, मला मांडीवर घेऊन. ती रडत नव्हती, पण रडून झाल्यावर माणूस जसं मोकळं बसतं, तशी बसली होती.

मित्रांनो, आता माझी जागा मीटरबोर्डाजवळच्या फळीवर आहे. ज्योतिबाच्या सुट्टीला तो आणि तेजश्री मला घेऊन दोन्ही तारांच्या कडेने एक चक्कर मारतात. तुमच्या घरातही अशा तारा असतील. एखादा प्लग तापलेला लागला, चिकटपट्टी वितळलेली दिसली, दिवा विनाकारण मंद झाला, तर स्वतः हात लावू नका, पण घरात सांगायला विसरू नका. जाणत्या माणसाकडून दोन्ही तारा तपासून घ्या, जायची आणि यायचीही. कशाचीही बेरीज जुळत नसेल, तर कुणावर बोट दाखवण्याआधी मोजायचं काय राहिलं ते बघा. आणि शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल, तर त्याला अधूनमधून बाहेर काढा. आम्ही दिसायला जुने असू, पण विचाराल ते सरळ सांगतो.

परवाच नवी पिल्लं आली. बल्ब लावले आणि तेजश्रीने मला खांबापाशी जोडून घेतलं. काटा जिथे हवा तिथे उभा राहिला. ती वाकून बघेल म्हणून मी वाट पाहिली, पण तेवढ्यात सिंधूबाईंनी हाक मारली आणि दोघी सासवा आणि ती, सगळ्या पिल्लं बघायला शेडमध्ये गेल्या. माझ्याकडे बघायला बाहेर कोणीच उरलं नाही. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.